सात किलो

एदुविहेस बाई दुकानात शिरल्या
आणि आधी वजनकाटा कुठे आहे ते विचारलं.
यर्कोनं दाखवला तो उंच, काळा, पोटात निळे दिवे लागणारा.
सातशे वॅट, म्हणाला, पलीकडच्या टेकडीवर ऐकू जाईल.
बाई म्हणाल्या, पलीकडच्या टेकडीला मी शिकवत नाही.

याला चाकं आहेत, बाई.
चाकांचं कौतुक सपाटीवरल्यांना, पोरा.
वालपाराइसोत आमच्या वाट्याला जिने आले.
टेकडीची लिफ्ट तीन वर्षं
गळ्यात दुरुस्तीची पाटी अडकवून बसलीय,
सोमवारच्या वर्गाला एकशे बासष्ट पायऱ्या,
शनिवारी अग्निशमनवाल्यांचा हॉल, तिथे त्याहून जास्त,
आणि वर पोचल्यावर एकच प्लग,
त्यात किटली.
चहा की क्वेका, हे भांडण मी नऊ वर्षं ऐकतेय.
बॅटरी किती तास? खरं सांग.
खोक्यावरचं मलाही वाचता येतं.

जुना चौदा किलोंचा. कॅसेटचं दार रबरानं बांधलेलं.
अकराव्या वर्षापासून तो मी वाहतो,
माझा डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली आहे,
शिंपी दर वेळी विचारतो.

हा हळू होतो का?
यर्कोनं आवाजाची कळ फिरवली.
आवाज नाही रे. गाणं.
सूर तोच ठेवून चाल हळू.
नवशिक्यांचे पाय गाण्याच्या मागून येतात,
जरा थांबायला नको त्यांच्यासाठी?

बिनतारी माइक तिथल्या तिथे नापास.
बाई म्हणाल्या, व्हुएल्ता!
पेटी अर्धा श्वास उशिरा म्हणाली, व्हुएल्ता.
एवढ्यात माझ्या बायका भिंतीवर आदळतील.
वायरचा दे.

मग बुटांचे बंद सोडले.
दोन अन्सेल्मो गोदीत चाळीस वर्षं क्रेनखाली होते,
त्यांचे कान तिथेच राहिले,
ते तळव्यांनी ऐकतात.
पेटी खाली ठेव. नाही, ही फरशी खोटं बोलते.
लाकूड आहे का कुठे?
यर्कोनं मागून मालाची फळी ओढत आणली, खिळ्यांसकट,
बाई मोज्यांवर तिच्यावर चढल्या,
त्याच्या हातातलं धूळ पुसायचं फडकं घेतलं
आणि टीव्ही घ्यायला आलेल्या एका नवराबायकोसमोर
एक अख्खं कडवं नाचल्या.

बारा किलोवाला सरस होता.
त्यात गिटारच्या तारेवरचं नखसुद्धा ऐकू येत होतं.
हाच घ्या, मी म्हटलं. यर्कोही तेच म्हणाला.
टीव्हीवाली बाईही.
एदुविहेस बाईंनी तो उचलला,
एकट्यानं,
दारापर्यंत नेला, परत आणला,
खाली ठेवताना ओठ घट्ट.
मग सातवाला उचलला.

आवाज पातळ आहे जरा, मी म्हटलं.
पातळ चालेल.
पण मी नेईन की, बारा म्हणजे काय...
त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
यर्को, हा पट्टा आखूड होतो ना?
माझ्या मापाचा कर.

गुरुवारपासून खिशात खाणीचं पत्र होतं.
अंतोफागास्ता, सात मार्च, अंगमेहनतीची तयारी हवी.
आईलाही सांगितलं नव्हतं.

बाहेर आलो. उतार संपला, जिना लागला.
चाळिसाव्या पायरीवर बाई थांबल्या.
दम नाही लागलेला, म्हणाल्या, बंदर बघतेय.
मीही बघितलं. एक जहाज होतं, हलत नव्हतं.
पट्टा त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतला.

माझ्याकडे रिकामं खोकं दिलं होतं.
वजन काहीच नाही,
पण कुठून धरावं तेच कळेना,
आणि पुढची पायरी दिसत नव्हती.